जमिनीखालचं दुसरं उत्तर

लाँड्रीच्या कारखान्यात फरशीला लांबलचक तडा गेला, तेव्हा मालकाने तिला बोलावलं. जमिनीच्या पोटात काय आहे ते गणिताने शोधणं हे तिचं काम. तिची धाकटी नणंद त्याच कारखान्यात बॉयलरशेजारी इस्त्री करायची.

तिने फरशीवर जागोजागी गुरुत्वाकर्षण मोजलं. खाली पोकळी असली की ओढ किंचित कमी भरते. पण यंत्र दाखवतं ती खालच्या सगळ्या माती-दगडाच्या ओढीची बेरीज. त्या बेरजेवरून उलटं जायचं, म्हणजे इंटिग्रल समीकरण सोडवायचं. कॉम्प्युटरने सोडवलं: एकच मोठी पोकळी, खूप खोल. मालकाचा जीव भांड्यात पडला.

तिचा काही पडेना. उत्तर आहे, कबूल. पण ते एकच आहे कशावरून? तिने पोकळी उथळ आणि पसरट धरून गणित पुन्हा मांडलं. तेही मोजणीशी चोख जुळलं. ती पोकळी बरोबर बॉयलरखाली येत होती.

मालक वैतागला. एक उत्तर मिळालंय, तर दुसरं कशाला उकरून काढता, म्हणाला. शेवटी ड्रिलिंगला तयार झाला, पण काम थांबवणार नव्हता.

ती तडक नणंदेकडे गेली.

"बॉयलर बंद करा आणि सगळ्यांना घेऊन बाहेर चला."

"वहिनी, खाली पोकळ आहे का नक्की?"

"माहीत नाही."

नणंद तिच्या तोंडाकडे बघत राहिली. वहिनी नाडीच्या गाठीबद्दलसुद्धा ठाम मत असलेली बाई. तिच्या तोंडून 'माहीत नाही' ऐकून नणंदेने बॉयलर बंद केला. तिने इस्त्री बाजूला ठेवली आणि एकेकीला हाताला धरून उठवलं.

बायका फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. बॉयलरपाशी ड्रिल जेमतेम पुरुषभर खाली गेलं आणि एकदम सैल पडलं. पण पोकळी तिच्या हिशेबापेक्षा बरीच लहान होती. तिने आणखी खाली जायला सांगितलं. कितीतरी वेळ टणक दगड लागला, आणि मग ड्रिल पुन्हा सैल पडलं.

दोन पोकळ्या, एकीखाली एक. दोन्ही उत्तरं चुकली होती. तिने फाटकाबाहेर येऊन लॅपटॉपवर हे तिसरं मांडून पाहिलं. मोजणी त्याच्याशीही तितकीच जुळली.

नणंद हळूच म्हणाली, "तिसरं निघालं, वहिनी. मग चौथं नसेल कशावरून?"

तिने पायाखालच्या रस्त्याकडे बघितलं आणि सगळ्यांना आणखी मागे सरायला सांगितलं.