कॅबिनेटवरची राखेची रेघ

खळ्यावर ज्वारीची रास पडली की माझा बाप घराकडे निघण्याआधी मुठीतून राख सोडत राशीवर एक रेघ ओढायचा. कुलूप नाही, राखणदार नाही. ती रेघ हेच कुलूप. कोणी टोपलीभर जरी उपसली तरी दाणे घसरत आणि रेघ मोडे. चोर शहाणा निघाला आणि त्यानं नवी रेघ ओढून ठेवली, तर बाप सकाळी बांधावरूनच म्हणायचा, "रेघ जमली लेकाच्याले, हात नाही जमला." नांदुऱ्याजवळच्या त्या खेड्यात माझी शाळा सातवीत सुटली, पण हे एक शिक्षण मला जन्माला पुरलं.

आता माझ्याजवळ रास नाही, कॉम्प्युटर आहे. खामगावात कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत आमचं घर. अर्जुनराव, म्हणजे माझे मालक, त्याच जिनिंगमध्ये हिशेबनीस होते. ते गेले, मुलगा शेखर पुण्याला गेला, आणि त्यानं टाकून दिलेलं मशीन माझ्याकडे राहिलं. साठी उलटल्यावर मी ते शिकले, कोणाच्या पाया न पडता, आधी उघडून आणि मग वाचून. कॅबिनेटचं झाकण बसवलं की उदबत्तीची राख थेंबभर पाण्यात कालवून झाकणाच्या सांध्यावर मी बोटानं आडवी रेघ ओढते. माझ्या तर्जनीच्या टोकाला लहानपणी विळा लागल्याची खाच आहे. त्यामुळे माझ्या रेघेच्या मधोमध भांगासारखी एक बारीक वाट सुटते. ती वाट दुसऱ्या कोणाला सोडता येणार नाही. कॅमेऱ्याच्या डोळ्यावर टिकली लावलेली असते. मी टिकली लावायची सोडल्यावर जुनं पाकीट उरलं होतं, ते असं कामी आलं.

शेजारच्या मंजुळाबाईंचं मशीन एकदा बाजारातल्या दुकानात दुरुस्तीला गेलं आणि त्यांच्या लेकीच्या साखरपुड्याचे घरगुती फोटो गावातल्या नको त्या मोबाइलांत जाऊन पोचले. लेक महिनोन् महिने दारात आली नाही. तेव्हापासून गल्लीतल्या बाया आपली मशीनं माझ्याकडे आणतात. मी ओटीवर सगळ्यांसमोर उघडते, आणि पासवर्ड टाकायची वेळ आली की बाईला पुढे बसवून स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहते. मंजुळाबाई हसतात, म्हणतात, अंबूबाई, तुम्ही तर नव्या नवरीवानी लाजता. मी म्हणते, लाज माझी नाही, तुमची राखून राह्यली मी. माझ्या स्वतःच्या मशीनमध्ये मी काय लिहिते, ते मात्र मी मंजुळाबाईंना सांगितलेलं नाही, शेखरला नाही, आणि इथेही सांगणार नाही.

शेखरचं म्हणणं निराळं. दिवाळीत माझ्या हातून दुधाचं पातेलं गॅसवर राहिलं आणि घरभर धूर झाला. तेवढ्यावरून त्यानं आणि सूनबाई अनुपमानं ठरवून टाकलं, की आईला आता लक्षात राहत नाही. एक तर मी पुण्याला यायचं, नाहीतर त्यानं माझ्या मशीनवर असं काही बसवायचं की तिथून त्याला इथला पडदा दिसेल आणि खोलीही दिसेल. मी दोन्हीला नाही म्हटलं. तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "ठीक आहे आई. पण यापुढे एक जरी गोष्ट विचित्र घडलेली कळली, तरी मी येऊन घराला कुलूप लावणार." तो रागावून बोलला असता तर मी ऐकलं नसतं. तो प्रेमानं बोलला, म्हणून मला भीती वाटली.

आमच्याकडे कपाशीचा हंगाम असला की हवेत रुईचे तंतू तरंगत असतात. ते दाराच्या फटीतून येतात, देवांच्या डोक्यावर बसतात, आणि कॉम्प्युटरच्या पंख्यात जाऊन त्याचा जीव घेतात. या गल्लीतली मशीनं म्हातारपणानं मरत नाहीत, रुईनं गुदमरून मरतात. म्हणून जिनिंगची घरघर थांबली की मी माझं मशीन उघडते. यंदाही होळीनंतरच्या एका दुपारी रंगकाम्याचा ब्रश, खोडरबर आणि स्पिरिटची बाटली घेऊन बसले. राखेची रेघ तपासली. अखंड होती, मधली वाट जिथल्या तिथे. झाकण काढलं, आणि हात तसाच राहिला.

आतून सगळं स्वच्छ होतं. पंख्याच्या पात्यांवर एक तंतू नव्हता. खोडरबरानं घासतात त्या मेमरीच्या सोनेरी पट्ट्या लखलखत होत्या, आणि ज्या कोपऱ्यात माझा ब्रश कधीच पोचत नाही, तिथलीही धूळ गेली होती. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला भय वाटलं नाही, राग आला. काम माझ्यापेक्षा चांगलं झालं होतं. मग कॅबिनेटच्या तळाशी एक वात दिसली. पंख्यातून काढलेली करडी रुई कोणीतरी टाकून न देता तिची वात वळून ठेवली होती. कापूस वाया घालवणं मला जमत नाही, मीही असंच करते. आणि माझ्या आईनं शिकवल्याप्रमाणे माझी वात सगळ्या बायकांच्या उलट, डावीकडे वळते. ही डावीकडेच वळलेली होती.

मी ती वात देवघरात लावली नाही. चिमट्यानं उचलून परसात टाकली, झाकण बसवलं, आणि नवी रेघ ओढली.

कोणाला सांगणार होते? घरात कोणी येऊन जातं म्हटलं, तर शेखर म्हणणार, एकटीनं राहणं धोक्याचं. कोणी येत नाही म्हटलं, तर मग हे मीच केलं आणि मलाच आठवत नाही. म्हणजे एकटीनं राहणं त्याहून धोक्याचं. दोन्ही वाटा पुण्यालाच जात होत्या. तेव्हा मी तोंड मिटून घेतलं. दाराचं कुलूप बदललं, पासवर्ड बदलला, खिडकीची कडी ठोकून घेतली. मंजुळाबाईंनी भिंतीवरून विचारलंच, एवढी ठोकाठोक काऊन चालली. मी म्हटलं, उंदीर झाले.

पण त्यानंतर घराला एक चाळा लागल्यासारखं झालं. बाजारातून आले की माझा चष्मा पुसलेला असायचा. खुर्चीवर हात ठेवावा तर बैठक कोमट. ही खुर्ची अर्जुनरावांची, जिनिंगनं मोडीत काढलेली. तिची एक खोड अशी की कोणी बसलं की ती कुरकुरते आणि उठलं की पुन्हा कुरकुरते. अर्जुनराव म्हणायचे, हिच्यापुढे चोरून डुलकीसुद्धा घेता येत नाही. मी स्वयंपाकघरात असताना मधूनच वाटायचं, आत्ता कुरकुरली. धावत जावं तर खोली रिकामी, पडदा काळा, आणि टिकली कॅमेऱ्यावर नीट चिकटलेली. जेवण रुचेना. मी घरातल्या घरात येरझारा घालू लागले, आणि चालता चालता मागे वळून पाहायची सवय लागली, जी मला तरुणपणी एकटीनं रानातून येतानाही नव्हती.

शेवटी ज्या गोष्टीला मी जन्मभर नाही म्हणत आले, ती मी स्वतः केली. बाजाराच्या दिवशी निघताना कॅमेऱ्यावरची टिकली काढली, रेकॉर्डिंग सुरू केलं, पडदा विझवला आणि बाहेरून कुलूप लावून गेले. वांगी घेतली, बरी नव्हती तरी घेतली, कारण लक्ष घरात होतं. परत आले तर टिकली कॅमेऱ्यावर होती. माझ्याच हातून काढायची राहिली वाटतं, असं म्हणून मी चरफडत खुर्चीत बसले आणि रेकॉर्डिंग बंद केलं. पण ते रिकामं नव्हतं.

रिकामी खोली बराच वेळ दिसते. मग खुर्ची कुरकुरते आणि समोर एक बाई येऊन बसते. चेहरा माझा. पातळ माझं, घरात नेसायचं. पासवर्ड टाकताना तिला अडखळावं लागत नाही. ती माझं लिखाण उघडून वाचू लागते, ओठ हलवत, माझ्यासारखीच. एके ठिकाणी हसते, आणि मग काही खोडून पुन्हा लिहिते. मला रडू आलं, पण त्यात एक सुटकाही होती, की चला, शेखर म्हणतो तेच खरं. बाजारातून मध्येच परत आले असेन, आणि विसरले. मग बाईनं मान वर केली. माझ्याकडे बघावं तसं कॅमेऱ्याकडे बघितलं, पाकिटातून टिकली काढली, आणि पडदा काळा झाला.

चित्र गेलं, पण आवाज चालू होता. मी ऐकत राहिले. बराच वेळ काही नाही, नुसता कोणाचा तरी श्वास. मग बाहेरचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. माझा खोकला आला. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज, आणि भिंतीवरून मंजुळाबाईंना ओरडून सांगणारी मी, की आज वांगी किडकी देल्ली मेल्यानं. श्वास अजून तिथेच होता, माइकजवळ. खुर्ची कुरकुरली नव्हती. म्हणजे कोणी उठलेलं नव्हतं. मग माझी पावलं खोलीत आली, मी चरफडले, आणि खुर्चीत बसले.

खुर्ची कुरकुरली नाही.

मी ते रेकॉर्डिंग नष्ट केलं. नुसतं पुसलं की गेलं असं भोळे लोक समजतात. ती जागा रिकामी म्हणून फक्त नोंद होते, माल तिथेच पडून असतो. त्याच जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं, की मगच आधीचं खरं जातं. हे गल्लीतल्या बायांना मी कितीदा सांगितलं असेल. त्या दिवशी सांगितल्याप्रमाणे त्या जागेवर मी दुसरं लिहिलं.

शेखर न कळवता आला. खिडकीची ठोकाठोक मंजुळाबाईंनी फोनवर सांगितली असणार. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. तो जेवायला बसला. वरणभात संपवला, हात धुतले, आणि माझ्या मशीनसमोर येऊन उभा राहिला.

"आई, एकच कर. हे उघडून दाखव. नीट उघडलंस तर मी पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाही."

"आणि नाही उघडलं तर?"

"तर तुझी बॅग मी भरतो."

मी बसले. नवा पासवर्ड टाकला. मशीननं नाही म्हटलं. पुन्हा टाकला, एकेक अक्षर बघून. पुन्हा नाही. शेखर मागे उभा होता; मी गल्लीतल्या बायांसाठी करते तसं त्यानं भिंतीकडे तोंड केलं होतं, दुसऱ्याचं खासगी बघू नये असं त्याला लहानपणी मीच शिकवलं होतं. आतून कोणाला तरी मी म्हटलं, मले जाऊ नको देऊ बाई. आणि मी मांडीवरून हात उचलले, कीबोर्डवर ठेवले, आणि स्वतःही तोंड फिरवलं.

बोटं चालली. खूप वेळ चालली. माझा पासवर्ड एवढा मोठा कधीच नव्हता.

"झालं?" शेखरनं विचारलं.

पडदा उजळला होता. तो वळला, बघितलं, आणि त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. म्हणाला, एवढा लांबलचक तर माझ्याही लक्षात राहणार नाही. संध्याकाळच्या गाडीनं तो गेला. जाताना पाया पडला आणि म्हणाला, मी उगाच तुझ्यावर संशय घेतला.

घर राहिलं. तो पासवर्ड मात्र मला ठाऊक नाही, आणि मी विचारलेलाही नाही. ज्याचं त्याचं खासगी ज्याच्या त्याच्यापाशी. आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं ते आपल्या घरात पाळायला नको? तेव्हापासून दुपारी त्या खोलीत जाण्याआधी मी दार वाजवते. लगेच आत शिरत नाही. आतली बाई हातातलं काम संपवते, उठते, खुर्ची कुरकुरते, आणि मग मी जाते. मशीन चालूच असतं, चष्मा पुसलेला असतो. तिचा त्रास असा काही नाही. अस्वस्थपणा तेवढा गेलेला नाही, पण तो माझा आहे की तिचा, हे आता नीट सांगता येत नाही.

आज दुपारी मी इथे बसून लिहीत होते, तर बाहेरून दार वाजलं. हलकेच, मी वाजवते तसं. मी वाक्य पुरं केलं आणि उठले. खुर्ची कुरकुरली नाही. थोडा वेळ तशीच उभी राहिले, मग पुन्हा बसले, आणि हे लिहायला घेतलं. ती अजून दाराबाहेर थांबलेली आहे. शिस्तीची बाई आहे. खुर्ची वाजल्याशिवाय आत यायची नाही.