धुरपताबाईची कातर

मित्रांनो, मी एक जुनी कातर आहे आणि माझा स्वभाव वाईट आहे. गोड बोलणारी वस्तू हवी असेल तर स्वयंपाकघरातल्या पळीकडे जा.

आमगावच्या एका लोहाराने मला ठोकून घडवले. त्या ठोक्यांचा राग मला अजून आहे. धुरपताबाईच्या बापाने लग्नात मला तिच्याबरोबर सासरी कुडव्याला धाडले. मी तेंदूची पाने कापायची आणि तिने त्यांत तंबाखू भरून बिड्या वळायच्या, असा आमचा संसार. तिची बिडी घट्ट, तोंड नीट दुमडलेले. शेजारची रुख्मा तिच्या हाताचे कौतुक करायची. कातरीचे नाव कोणी घेत नसे.

धुरपताबाईचा नवरा उदाराम गोंदियाच्या एका बिडी कारखान्यात चेकर होता. बायकांनी घरी वळून आणलेल्या बिड्या तो तपासायचा आणि सैल वाटेल ती ‘छाट’ म्हणून मोडायचा. छाट बिडीची मजुरी मिळत नसे, म्हणून बायका त्याच्या नावाने बोटे मोडत. एकदा रांगेत कोणीतरी कुजबुजले, की चेकर घरचा माल डोळे झाकून घेतो. उदारामच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने सगळ्यांसमोर धुरपताबाईच्या जुड्या सोडल्या आणि चांगल्या घट्ट बिड्या एकेक करून मोडल्या.

“काम म्हंजे काम,” तो म्हणाला.

धुरपताबाई घरी आली, तिने मला खुंटीला टांगले आणि कित्येक वर्षे बिडीला हात लावला नाही. मला गंज चढला. देश स्वतंत्र झाला, पोरांनी झेंडे नाचवले, मी आपली खुंटीवरच. टांगल्या दिवसापासून मी उदारामला पाण्यात पाहते.

पुढे काही वर्षांनी कारखान्याच्या शेठजींनी आपल्या मेहुण्याला चेकर केले आणि पन्नाशी उलटलेल्या उदारामला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितले. दुसरा कारखानाही त्याला उभे करीना. कुडव्यात कोणाला वाईट वाटले नाही. रुख्माने तर गूळ वाटला. मलाही आनंद झाला, खोटे कशाला बोलू?

कामठ्याहून त्याचा भाऊ सुखराम आला. “आता कायले राबतोस? माह्या घरी ये. धानावरचे पाखरं हाकल अन् दोन घास खा,” तो म्हणाला.

उदारामला ते लागले, पण दुसरी वाट दिसेना. भावाच्या दारात आयते खात म्हातारे व्हायचे, की ज्या बायकांच्या बिड्या मोडल्या त्यांच्यात बसून बिड्या वळायच्या? धुरपताबाईने मला खुंटीवरून काढले, रॉकेलने घासले आणि ती आमच्या ओसरीवर रुख्माशेजारी पाने-तंबाखूचे सूप घेऊन बसली.

एका सकाळी उदाराम धोतरात कपडे बांधून कामठ्याला निघाला. दारात थबकला. मग गाठोडे खाली ठेवून बायकांच्या पलीकडच्या टोकाला बसला आणि त्याने मला मागून घेतले. मी त्याच्या अंगठ्याला मुद्दाम चावले. रक्त पुसून त्याने पान कापले आणि एक बिडी वळली. धुरपताबाईने ती बोटांत फिरवून पाहिली आणि मोडली.

“छाट.”

“काऊन?” उदाराम म्हणाला. “घट्ट तर होती.”

“माह्याबी होत्या.”

रुख्मा तोंडाला पदर लावून हसली. आता हा उठणार आणि कामठ्याची वाट धरणार, असे मला वाटले. उदाराम उठला. त्याने गाठोडे सोडले, कपडे आत नेऊन ठेवले, धोतर पाण्यात भिजवून पिळले आणि पाने ओली राहावीत म्हणून त्यात गुंडाळली. मग पुन्हा माझ्याकडे हात केला. या वेळी मी चावले नाही.

मित्रांनो, कातरीला वेळच्या वेळी तेल द्या आणि तिला खुंटीवर कुजवू नका. दुसऱ्याच्या हातची वस्तू मोडण्याआधी ती खरोखर वाईट आहे का, तेवढे पाहा. उदारामला मी अजून माफ केलेले नाही. पण त्याची बिडी आता बरी होते, आणि धुरपताबाई त्यातली एखादीच मोडते.