मार्थाच्या सणाची मेणबत्ती

"सणाचा तो दिवस आता एकट्या संत मार्थाचा राहिलेला नाही," फादर म्हणाले. "तिघा भावंडांचा झालाय. मार्था, मरिया आणि लाजर. धाकटी आलीच आहे तुमची, तर यंदा मेणबत्ती दोघी बहिणींनी मिळून आणा."

थोरली वेदीच्या पायरीवर बसून सांडलेले मेण सुरीने खरवडत होती. "बरं फादर," असे तोंडाने म्हणाली खरी, पण अंगाचा नुसता तिळपापड झाला. मेलेला लाजर प्रभूंच्या हाकेने उठून बसला होता, तेवढ्यावर त्याचे भागले नव्हते? आणि मरियेने त्या घरात कधी एक भांडे तरी विसळले होते का?

थोरलीचा बाप्तिस्मा संत मार्थाच्या नावाने झाला होता आणि धाकटीचा मरियेच्या. धर्मग्रंथातल्या गोष्टीत प्रभू घरी आले तेव्हा मार्था चुलीशी राबत राहिली, मरिया त्यांच्या पायांशी ऐकत बसली. मार्थाने तक्रार केली तर बोलणी तिलाच, शाबासकी मरियेला. मग पाहुण्यांना जेवायला कोण वाढणार होते, असे थोरलीने लहानपणी धर्मशिक्षणाच्या बाईंना विचारले होते, आणि तासभर कोपऱ्यात उभी राहिली होती. त्यापेक्षा तिला मार्थाची दुसरी गोष्ट आवडे. माणसे खाणारा एक अक्राळविक्राळ प्राणी मार्थाने पवित्र पाणी शिंपडून थंड केला आणि कमरेच्या पट्ट्याने बांधून गावात आणला. मरियेला जमले असते का ते?

मार्थाच्या सणाला गावातल्या रांधणाऱ्या, धुणाऱ्या, वाढणाऱ्या साऱ्या बायका एप्रन बांधून देवळात मिस्साच्या उपासनेला येत, आणि सर्वांच्या पुढे मोठी मेणबत्ती घेऊन थोरली चाले. बाकी वर्षभर ती इस्पितळाच्या स्वयंपाकघरात मोठमोठी पातेली उतरवी आणि घरी येऊन अंथरुणाला खिळलेल्या बापाचे सगळे करी. त्या एका दिवशी मात्र लोक तिला वाट देत. आता त्यातही वाटेकरीण आली होती.

धाकटी दूरच्या शहरात शाळेत शिकवे. वर्षातून आठवडाभर येई आणि आली की बापाच्या पायांशी बसून त्यांना संतचरित्रे वाचून दाखवी. म्हाताऱ्याला मोतीबिंदूमुळे धड दिसत नव्हते, तरी तिचा आवाज ऐकला की चेहरा उजळे. "घर कसं भरल्यासारखं वाटतं," ते म्हणत. स्वयंपाकघरात ते ऐकून थोरली झाकणे जरा जोरातच आपटी. शौचाचे भांडे कोण उचलते, कुशीवर कोण वळवते, मऊ भात कोण भरवते, हे त्यांनी एकदाही तोंडातून काढले नव्हते. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला धाकटी, आणि कौतुकही तिचेच. थोरलीला त्याचा जाच होई, आणि असा जाच होतो म्हणून स्वतःचीही चीड येई.

सणाच्या आदल्या दिवशी धाकटीने विचारले, "ताई, मिस्सा किती वाजता गं उद्या?"

"संध्याकाळी सहाला," थोरली भाजी चिरता चिरता म्हणाली. मिस्सा सकाळी सातला होती.

सकाळी एप्रन पिशवीत लपवून, कामावर लवकर बोलावलेय असे सांगून ती निघाली. एरवी ती बाहेर असली की शेजारच्या काकू बापाजवळ बसत. आज धाकटी घरात होती, म्हणून त्यांना सांगण्याची गरज पडली नाही.

देवळाच्या दारात फादरनी बहिणीची चौकशी केली. बाबांना बरे नाही, त्यांना सोडून निघणे जमले नाही, असे तिने बेधडक सांगून टाकले. मेणबत्ती तिने एकटीनेच उचलली. बायका बाजूला सरल्या, गाणे सुरू झाले आणि थोरली ताठ मानेने वेदीपर्यंत गेली. तिला आनंद झाला, अगदी खराखुरा. प्रवचनात फादरनी तिन्ही नावे घेतली तेव्हा तिने फक्त पहिले ऐकले. शेवटी उरलेली मेणबत्ती कागदात गुंडाळून ती घरी निघाली.

दार उघडे होते. काकू बाहेर पायरीवर पदराने डोळे पुसत होत्या. थोरलीला पाहून त्या नुसत्या बाजूला झाल्या.

आत बापाचे डोळे कुणीतरी मिटवले होते आणि धाकटी पायांशी बसून होती. तिने थोरलीच्या अंगावरचा एप्रन पाहिला, हातातली मेणबत्ती पाहिली. तिला सारे कळले. हाही वाटा हिनेच नेला, शेवटची घटकाही हिच्याच पदरात पडली, असे मेल्या माणसासमोर थोरलीच्या मनात आले.

"तुझ्या कामावर फोन लावला होता," धाकटी हळूच म्हणाली. "आज रजेवर आहेस म्हणाले. इतक्या पटकन गेले गं ते."

"काही म्हणाले?"

"तुला हाक मारली. दोनतीनदा. तू नाहीस म्हणायला माझी जीभच रेटेना. हात धरला आणि म्हटलं, आहे ना बाबा इथेच. त्यांना मी तूच वाटले."

थोरलीने खाटेची कड धरली. "मग?"

"विचारलं, जेवलीस का."

जन्मभर साऱ्यांना वाढणाऱ्या बाईला हे कुणी विचारले नव्हते. मिस्साच्या उपवासामुळे रात्रीपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हते.

"आणि तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, हो बाबा, जेवले."

थोरलीने वाकून बापाच्या कानाशी तोंड नेले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "नाही बाबा. अजून नाही."