विसापैकी एकोणीस

खोक्यातून वर आलेला टिश्यूपेपर सकाळी नऊला पांढरा होता. अकराच्या सुमारास त्याच्या टोकाला काजळाची रेघ उमटली, साडेबाराला तपकिरी पावडरीचा डाग. आता, जेवणानंतरच्या फेरीला, तो चुरगळून पुन्हा त्याच फटीत खोचलेला होता. डॉक्टरांच्या प्रशिक्षणात रुग्णाची भूमिका करायला आणलेली नाटकवाली बाई प्रत्येक डॉक्टरसमोर तोच ओढायची, डोळे टिपायची आणि पाळी संपली की बोटाने आत सारायची.

डॉक्टर त्या कागदाकडे बघत होती. कर्करोगाच्या वॉर्डात तिची अठरा वर्षं गेली होती. पू, रक्त, ओकारी, कशाचीच किळस उरली नव्हती. या कागदाची मात्र येत होती.

"चला, पुढचं कोण?" प्रशिक्षकांचा आवाज पाकात बुडवून काढल्यासारखा होता. "शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाशी संवाद. सहा मिनिटं. घाबरायचं नाही हं."

तिच्या शेजारी तिचे सहकारी बसले होते. ते प्रत्येक गोष्ट टक्क्यांत सांगत, म्हणून अख्खं खातं त्यांना टक्केसाहेब म्हणे. तोंडात बिस्कीट असतानाच ते कुजबुजले, "टिश्यू पुढे सरकवायला विसरू नका. त्याला वेगळा मार्क आहे. माझा तिथेच गेला."

बिस्किटाचा ओला कण तिच्या बाहीवर उडाला. तो झटकून ती उठली.

तिने खुर्ची जवळ ओढली. फोन बंद केला. "आजाराबद्दल तुम्हाला आतापर्यंत काय काय सांगितलं गेलंय?" असं विचारलं. मनातल्या मनात सहा आकडे मोजत गप्प राहिली. मग म्हणाली, "आपल्याला हवा होता तसा परिणाम दिसत नाहीये. पुढे काय करता येईल, ते आपण मिळून बघू. तुम्ही एकट्या नाही आहात."

शेवटचं वाक्य तिच्या आधी चौघांनी म्हटलं होतं. ते म्हणताना आपलाही आवाज पाकातून निघाल्यासारखा झाला, हे तिला ऐकू आलं. नाटकवालीने टिश्यू ओढला. डॉक्टरचा हात जागचा हलला नाही.

"विसापैकी एकोणीस!" प्रशिक्षक म्हणाले. "आजचे सर्वांत जास्त. तेवढा टिश्यू राहिला." टाळ्या पडल्या.

चहाच्या सुट्टीत ती हात धुवायला गेली, तेव्हा नाटकवाली बेसिनवर वाकून तोंडाची पावडर खरवडत होती.

"एकोणीस ना? अभिनंदन हो बाई."

"तो कागद बदलत का नाही तुम्ही?"

"साहेब म्हणतात, वर आलेलं टोक फोटोत छान दिसतं. खोक्यात हा एकच उरलाय, टाकला की रिकामं दिसतं म्हणे." ती हसली. मग नळ बंद करून म्हणाली, "एक विचारू? या गोष्टीत मी मरणारे ना?"

"हो."

"नक्की ना? नाही, सकाळपासून सात डॉक्टर झाले, एकानेही सांगितलं नाही. मला वाटलं, बरी होऊन घरी चालले. सगळ्यांनी गोड बोलून तोंडाला पानं पुसली, आणि सगळे पास!"

"असं थेट बोलत नाहीत."

"बरं. मग कसं बोलतात?"

डॉक्टरने खिशातला गुणांचा तक्ता काढला. वीस ओळी होत्या. खुर्चीची ओळ होती, नजरेची होती, गप्प राहण्याची होती, टिश्यूची होती. रुग्णाला सांगितलं की नाही, याची ओळ नव्हती. तिने कागद उलटून पाहिला. मागे औषध कंपनीची जाहिरात होती.

तेवढ्यात वॉर्डातून सिस्टरचा फोन आला. "मॅडम, सात नंबरच्या नळवाल्या काकांची केमो. सही राहिलीय. चारपर्यंत आली नाही, तर आज औषध बनवणार नाही म्हणतात फार्मसीवाले. 'बनवा' म्हणून सांगू का?"

"थांब. मी येते."

नळवाले काका पहिल्यांदा दाखल झाले, तेव्हा वॉर्डातला गळका नळ त्यांनी जेवणाच्या चमच्याने दुरुस्त केला होता. त्यानंतर केमोची तीन वेगवेगळी औषधं झाली. तिसरंही लागू पडत नाही, हे तीन आठवड्यांपूर्वीच्या स्कॅनमध्ये स्वच्छ दिसत होतं. तिने तो स्कॅन पुन्हा करायला लावला. मग रक्त तपासायला लावलं. मग एक डोस आणखी देऊन बघू म्हणाली. दोन डोसांमधले चौदा दिवस, त्यातले नऊ ओकाऱ्यांत जात. काकांना घरी खिडकीजवळच्या कॉटवर झोपायचंय, असं त्यांच्या मुलीने दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा "एवढा डोस होऊ दे" म्हणत डॉक्टरने घोंगडं भिजत ठेवलं होतं.

ती सात नंबरच्या खोलीत आली, तेव्हा काका उशीला टेकून बसले होते. मुलीने त्यांच्या हनुवटीखाली भांडं धरलं होतं.

"या डॉक्टरीणबाई. आज तुमची शाळा होती म्हणे? पास की नापास?"

"पास. विसापैकी एकोणीस."

"एक कुठे गळला?" ते हसले आणि त्या हसण्यानेच त्यांना पुन्हा उमासा आला.

डॉक्टरने मुलीच्या हातातून भांडं घेतलं, बेसिनमध्ये रिकामं केलं, धुतलं. हिरवट पाणी तिच्या मनगटावर उडालं. त्याची किळस आली नाही. किळस आली ती जिभेवर तयार बसलेल्या वाक्याची: पुढे काय करता येईल, ते आपण मिळून बघू. बेसिनचा नळ घट्ट बंद झाला. एक थेंबही गळला नाही.

"मॅडम, सही राहिलीय ना?" मुलगी म्हणाली. "आज डोस होईल ना बाबांचा? म्हणजे मग घरी नेता येईल."

"बाबांना काय वाटतं?"

मुलीने वडिलांकडे पाहिलं. काका चादरीची कड चिमटीत धरून सरळ करत राहिले.

"माझं काय," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही एवढ्या झटताय माझ्यासाठी. दर वेळी किती आशेनं येता. तुमच्या तोंडावर नको कसं म्हणायचं? म्हणून घेतो."

"बाबा!"

"खरंय ते सांगतोय, पोरी."

डॉक्टरच्या हातात धुतलेलं भांडं तसंच होतं. अठरा वर्षांत असे किती जण तिच्या आशेखातर भांड्यावर वाकले असतील, हा हिशेब तिने सुरू केला आणि पाचव्या चेहऱ्याशी सोडून दिला. कॉटशेजारी खुर्ची होती. ती तिने ओढली नाही. काकांच्या पायांशी गादीवरच बसली.

"काका, हे औषध चालत नाहीये. मला ते तीन आठवड्यांपूर्वीच कळलं होतं. मी बोलले नाही."

काकांची चिमटी चादरीवर थांबली.

"तुम्ही या आजारातून बरे होणार नाही. दुखणं आणि ओकाऱ्या थांबवायची औषधं मी देईन, ती घरी घेता येतील. केमो मी आज बंद करतेय."