माझ्यातून गेलेली विहीर

“ह्याची शिट्टी संपायची कवा आन आमचा फोन यायचा कवा,” गोजरबाई माझ्याकडे बघून पुटपुटल्या. त्या इतक्या जवळ बसल्या होत्या की त्यांच्या पिशवीतली मेथीची जुडी माझ्या वायरीला टेकली होती.

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे. आता मला ओळखणारे फार उरले नाहीत, म्हणून सांगतो. संगणकाला टेलिफोनच्या तारेवरून दूरच्या संगणकाशी बोलायचं असलं तर मध्ये मी लागायचो. बोलणं जुळेपर्यंत मी शिट्ट्या मारायचो, खरखरायचो. आणि माझं काम चालू असेपर्यंत फोन कोणालाच मिळत नसे. गोजरबाईंची तक्रार खरी होती. त्यांची लेक सुरतेला दिलेली. दर गुरुवारी तिचा फोन याच बूथवर यायचा.

माझा जन्म लांबच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथून खोक्यात बसून मी शेवगावच्या पेठेत, सहादू शेठच्या एसटीडी बूथमध्ये आलो. ते साल १९९८. पहिल्या दसऱ्याला मला झेंडूचं फूल वाहिलं, आणि फुलातलं पाणी आत शिरेल म्हणून लगेच उचलूनही घेतलं. बूथमधल्या संगणकावर लग्नपत्रिका छापायला आलेली माणसं मला बघायला थांबत. माझ्यातून निकाल गेले, नोकरीचे अर्ज गेले, एकदा तर एका म्हशीचं वर्णन गेलं. जे येतं ते मी पुढे देतो, माझ्यात काही राहत नाही. त्यामुळे हळहळायची सवय मला लागली नाही.

बूथ सांभाळायची प्रज्ञा. जवळच्याच एका गावातली, तिथल्या बौद्ध वस्तीतली. सायकलवर यायची. गिऱ्हाईक नसलं की जुनी पुस्तकं उघडून इंग्रजी शिकायची. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या गावाला टँकर सुरू झाला. टँकर गावच्या विहिरीत पाणी सोडी. वस्तीतल्या बायांनी मात्र घागरी घेऊन लांब उभं राहायचं. वरच्या आळीतलं कोणी पाणी शेंदून वरून ओतलं तर घ्यायचं. यावर कोणी भांडत नसे. कोणी बोलतही नसे.

प्रज्ञाने एका दुपारी ते सगळं इंग्रजीत लिहिलं आणि माझ्यातून मुंबईच्या एका संस्थेला पाठवलं. संस्थेने ते देशोदेशी धाडलं. मग उत्तरं येऊ लागली. कॅनडातून आलं, नॉर्वेतून आलं. कोणी लिहिलं, आम्ही तुमच्यासोबत आहोत. एकाने विचारलं, घागर म्हणजे काय. ही अनोळखी माणसं तिकडे जिल्ह्याच्या साहेबांनाही पत्रांवर पत्रं पाठवत होती. साहेबांनी तालुक्याला विचारलं आणि तालुक्याने सरपंचांना.

मग गावाने विहिरीला चुना दिला. ‘ही विहीर सर्वांसाठी खुली आहे’ अशी पाटी रंगवली. वस्तीतल्या बायांना पाटीजवळ उभं करून फोटो काढला. फोटो झाल्यावर त्या बाया आपणहून पुन्हा लांब जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना कोणी हटकलं नाही. हटकायची गरजच नव्हती.

राहिला त्या देशोदेशीच्या माणसांना द्यायचा खुलासा. तो ई-मेलनेच जायला हवा होता, आणि त्या बाजूला ई-मेल करणारा मी एकटाच. म्हणून गोजरबाई फोनची वाट बघत बसल्या होत्या त्याच गुरुवारी सरपंच पुंजाराम बूथवर आले. गोजरबाई त्यांच्या चुलती, त्याच गावच्या वरच्या आळीतल्या. पाठवायची वेळ येईपर्यंत प्रज्ञाने मला बंद केलं आणि ती लिहायला बसली.

सरपंच मराठीत सांगत होते, ती इंग्रजीत उतरवत होती. आमच्या गावात भेदभाव नाही. सगळे गुण्यागोविंदाने राहतात. कोणीतरी गैरसमजातून कळवलं. सरपंचांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिने शब्द फिरवले असते तर त्यांना पत्ता लागला नसता. तिने फिरवले नाहीत.

“आता खाली गावाचं नाव टाक,” सरपंच म्हणाले, “आन तुझंबी टाक. तुझ्या त्या नॉर्वेच्या मामाला बरं वाटंल.”

प्रज्ञाचे हात थांबले. नाव टाकलं तर तिचं आधीचं सगळं लिहिणं खोटं ठरणार होतं, आणि लांबून बोलणारी ती माणसं पुन्हा गप्प होणार होती. नाही टाकलं तर उद्या सकाळी तिची आई त्याच विहिरीपाशी घागर घेऊन उभी राहणार होती, आणि त्या घागरीत कोणी पाणी ओतणार नव्हतं. सहादू शेठ पुसलेली काच पुन्हा पुसू लागले. सरपंच समजुतीने म्हणाले की पोरी, आपल्यात कुठं तसलं काय हाय.

मित्रांनो, मी आता सहादू शेठच्या माळ्यावर, तुटक्या पंख्याच्या शेजारी पडलेला असतो. माझी एक विनंती आहे, ती इथेच करून घेतो, कारण शेवटचं बोलणं माझं नाही. तुमच्या हातातली नवी यंत्रं माझ्यापेक्षा फार वेगाने बोलतात, शिट्टीही मारत नाहीत. त्यांना धुळीपासून जपा. पण यंत्र खरंही पुढे नेतं आणि खोटंही, आणि दोन्ही सारख्याच वेगाने. त्या दिवशी तो खुलासाही मी मुकाट्याने पोचवला असता.

पण मी बंद होतो. बूथमध्ये कसली खरखर नव्हती. गोजरबाईंनी मेथीची पिशवी मांडीवर ओढून घेतली. पुतण्या “काकू, तुमी ऱ्हाऊ द्या” म्हणाला, तरी त्या थांबल्या नाहीत.

“ते खोड, पोरी, आन मी सांगते ते लिव्ह. आमी तुमास्नी हिरीला शिवू देत न्हाई. काल तुझ्या आईची घागर मीच मागं सारली, त्याच पाटीला टेकून.”