पान एकशे बारावर अडकलेला गहिनीनाथ

शनिशिंगणापुरातल्या आमच्या वाचनालयात एक नियम मीच घातला होता. पुस्तकाची मुदत वाढवून हवी असेल, तर वाचलं तेवढ्याचा अभिप्राय रजिस्टरात लिहायचा. लिहायच्या आळसाने लोक पुस्तकं वेळेत परत करतील, हा माझा हिशोब. गहिनीनाथने तो तीनदा चुकवला.

गहिनीनाथचं देवळाच्या वाटेवर तेलाचं दुकान. साडेसातीला घाबरून आलेल्या माणसाला बाटलीबरोबर धीरही देणार. शहाण्णवच्या उन्हाळ्यात त्याने एक जाडजूड कादंबरी नेली. मोठं शहर, दिवे गेले की गटारांतून सावली नसलेली माणसं वर येतात, दारं ठोठावतात. ज्याने कडी काढली, तो संपला.

आठ दिवसांनी पहिला अभिप्राय : ‘एवढ्या मजल्यांवर माणसं, पण शेजाऱ्याचं नाव ठाऊक नाही. बिनसावलीवाल्यांपेक्षा हेच भयंकर.’

दुसरा, पान एकशे बारा : ‘नायक हुशार. तीन कड्या लावतो. झोपतो मात्र कधी, ते लेखक सांगत नाही.’

तिसराही पान एकशे बाराच : ‘लेखकाने दाराला उगीच फार महत्त्व दिलं आहे.’

आठ दिवसांत एक पान न सरकणारा वाचक मला संशयित वाटतो. त्याच आठवड्यात त्याची बायको मुक्ताबाई वाचनालयात रडकुंडीला येऊन सांगत होती, “भाऊ, तिसगावला माझ्या भावाला बारा वर्सांनी ल्योक झालाय. शुक्रवारी बारसं. आत्याबिगर नाव कोन ठिवनार? पर ह्ये जाऊच देईनात. आधी म्हनले दुकानात गर्दी. आता म्हनत्यात म्हैस व्यायची. म्हैस पौषातच व्याली!”

मी कादंबरीची गोष्ट थोडक्यात सांगून रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं. तिने तिन्ही अभिप्राय वाचले आणि तडक दुकान गाठलं. मीही मागोमाग, तेल घ्यायचंच होतं.

“आवं, ह्या पुस्तकापायी माझ्या भाच्याला बिननावाचा ठेवता व्हय?”

“हळू बोल, गिऱ्हाईक हाय,” गहिनीनाथ म्हणाला. मग आवाज उतरवून, “कडी लावली तरच ती बिनसावलीची मानसं भाईर ऱ्हात्यात, आसं लिव्हलंय. आपल्या गावात कुनाच्याच घराला दार न्हाई. तू गेल्यावर मी एकटा...”

“आनि कडी कुनी काढल्याबिगर ती आत येत न्हाईत, आसंबी लिव्हलंय ना?”

“व्हय.”

“मग आपल्याकडं ठोठावनार काय? पडदा?”

गहिनीनाथ विचारात पडला. साडेसातीवालं गिऱ्हाईक बाटली धरून तसंच उभं. शेवटी तो म्हणाला, “ह्ये त्या नायकाला कुनी सांगाया पायजे हुतं. जा तू. पर चार दिस, बरं का.”

मुक्ताबाई गेली. जाताना एसटीत वाचायला ती कादंबरीही घेऊन गेली. मी रजिस्टरात नाव बदललं.

बारसं थाटात झालं, बाळ हर्षल झालं. चौथ्या दिवशी यायची ती बारशाच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी वाचनालयात हजर! खूण पान एकशे बारावर. मुदत वाढवून मागितली, म्हणून मी रजिस्टर पुढे केलं.

तिने लिहिलं : ‘माहेरच्या दाराला दोन कड्या आहेत. बारशाचं घर, सारखं कुणी ना कुणी ठोठावतं. उरलेलं आपल्याच घरी वाचीन.’