दोन्ही हात मोकळे

मित्रांनो, मी एक जुनी कुबडी आहे आणि आमच्या जातीची तऱ्हाच न्यारी. खुर्चीला वाटतं, आपल्यावर कुणीतरी कायम बसावं. छत्रीला वाटतं, आपल्याला कुणी कुठे विसरू नये. आम्हा कुबड्यांचं मागणं मात्र उलटं असतं. ज्याने काखेत घेतलं, त्याने एक दिवस आपल्याला सोडून जावं.

मला एका सुताराने घडवलं, खिडक्यांच्या चौकटी करून उरलेल्या लाकडातून. वर चामड्याची गादी ठोकली, तळाला रबरी बूच बसवलं आणि गिऱ्हाइकाला बजावलं, "लाकडाला काही होत नाही. पण बूच झिजतं, त्याच्याकडे लक्ष ठेवा." सुताराचं हे बोलणं तुम्हीही ध्यानात ठेवा बरं का.

पहिल्यांदा मी एका शाळेच्या शिपायाकडे गेले. त्याचा मोडलेला पाय दोन महिन्यांत सांधला आणि तो मला दारामागे ठेवून मोकळा झाला. मला कोण आनंद झाला! मग मी आले पेंटरीणबाईंकडे, आणि तिथे माझं नशीब अडकलं.

पेंटरीणबाई दुकानांचे बोर्ड रंगवायच्या. शिडीवर उभं राहून, एका हातात डबा आणि दुसऱ्यात ब्रश घेऊन हातभर उंचीची अक्षरं अशी काढायच्या की रस्त्यावरची माणसं थांबून बघत. एका अपघातात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. बाई रडत बसल्या नाहीत. पण त्यांना एक गोष्ट रोज खुपायची आणि ती गोष्ट म्हणजे मीच. माझ्यापाशी त्यांचा एक हात कायमचा गुंतलेला. एका हाताने शिडी चढणार कशी आणि रंगवणार कशी? मग जमिनीवर बसून घरांच्या दारावरच्या छोट्या पाट्या रंगवायच्या, झालं. कधी कधी मला म्हणायच्या, "बये, तू आहेस म्हणून उभी राहते, आणि तू आहेस म्हणूनच हात अडकलाय." खोटं कशाला सांगू, मला फार लागायचं ते.

चार वर्षांनी त्यांना एका संस्थेचा पत्ता लागला. तिथे मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये कृत्रिम पाय बनवून मोफत बसवून देत. तिथल्या मिस्त्रींनी पेंटरीणबाईंच्या पायाचं माप घेतलं, प्लास्टरचा साचा केला आणि फळीवर ठेवला. त्या फळीवर असे बावन्न साचे होते. म्हणजे बावन्न माणसं वाट बघत होती. आणि नेमकी त्याच आठवड्यात भट्टी जळाली! त्या भट्टीत प्लास्टिकचा पत्रा मऊ करायचा आणि साच्यावर चढवायचा, तेव्हा पाय तयार होतो. भट्टी नाही तर पाय नाही. नवी घ्यायला संस्थेकडे पैसा नव्हता. विश्वस्त म्हणाले, महिनाभर वाट बघू, नाहीतर शेडला कुलूप लावू.

संस्थेच्या कचेरीत एक मावशी होत्या. तीस वर्षं त्यांनी देणगीदारांना हाताने पत्रं लिहिली, पाकिटं चिकटवली. आता त्यांच्या हातात मोबाइल आला होता. मावशी एका बोटाने टाइप करायच्या, तेसुद्धा तोंडाने एकेक अक्षर म्हणत. पण मित्रांनो, मी जे पाहिलं त्याने माझी तर मतीच गुंग झाली! पूर्वी पत्राचं उत्तर यायला महिना लागायचा. इथे मावशींनी चार ओळी लिहिल्या, चष्मा पुसला, तोवर समुद्रापलीकडच्या एका नर्सचं उत्तर हजर. तळहाताएवढ्या त्या काचेत सगळं जग मावलं होतं आणि त्यातलं कुणीही, कधीही आमच्या शेडमध्ये डोकावू शकत होतं.

डोकावत होते, पण येत होते बदाम. आवडलं म्हणून बोटाने टाकतात ते लाल लाल बदाम, शेकड्याने. मिस्त्री जळक्या भट्टीत डोकं घालून म्हणायचे, "मावशी, बदामांनी भट्टी तापत नाही हो."

मग विश्वस्तांचे जावईबापू मदतीला धावून आले. त्यांना म्हणे सोशल मीडियातलं सगळं कळत होतं. "रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही," ते म्हणाले. "आपण लाइव्ह करू. या बाईंना कुबडी घेऊन मधोमध बसवा. डोळ्यांत पाणी दिसलं पाहिजे."

पेंटरीणबाई म्हणाल्या, "मी नाही बसणार."

"अहो, तुमच्याच पायासाठी चाललंय ना सगळं?"

"हो ना. पण मला पुन्हा बोर्ड रंगवायचेत. गिऱ्हाईक एकदा कीव करायला लागलं की पैसे देतं, काम देत नाही. माझा चेहरा दाखवायचा नाही."

जावईबापूंचं तोंड एवढंसं झालं. शेवटी तेच बोलायला उभे राहिले. तेवढ्यात फोनचा स्टँड मोडला. मावशी पेंटरीणबाईंना म्हणाल्या, "तुझी कुबडी देतेस का गं तासभर?" आणि कृत्रिम पायाच्या पट्ट्याने त्यांनी फोन माझ्या खांद्याला बांधला, मला टेबलाला टेकवलं आणि स्वतः समोर पहिल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. माझी छाती फुगली, हो! सगळं जग माझ्या खांद्यावर बसलं होतं.

पण माझं बूच झिजलेलं होतं. एरवी झिजलेल्या बुचाची कुबडी दिसली की मिस्त्री दारातच अडवायचे. त्या आठवड्यात मात्र त्यांना भट्टीपुढे दुसरं काही सुचत नव्हतं. मी घसरू लागले. एकदम नाही, मुंगीच्या पावलाने. लोकांना आधी जावईबापूंची हनुवटी दिसली, मग टाय, मग पट्टा, आणि शेवटी नुसते बूट. एक मोजा निळा, एक तपकिरी. वीस मिनिटं बोलले बिचारे! फोनची काच माझ्या पाठीकडे, त्यामुळे खोलीतल्या कुणाला पत्ताच नव्हता. भाषण संपलं, टाळ्या झाल्या, सगळे चहाला गेले आणि मावशी फोन बंद करायच्या विसरल्या.

पेंटरीणबाई बाकावरच राहिल्या.

"ताई, चहा?" मिस्त्रींनी विचारलं.

"येऊ कशी? माझी कुबडी नोकरीला लागलीय."

मिस्त्री हसले. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी कपाटातून कुणीतरी परत केलेला एक जुना पाय काढला. थोडा आखूड होता, म्हणून बुटाखाली लाकडाची चकती बांधली. "ढिला बसेल. पण भट्टी येवो न येवो, आज दांड्यांमध्ये उभं तर राहून बघा."

चालायचा सराव करायच्या दोन दांड्या माझ्या अगदी समोर होत्या. पेंटरीणबाई दोन्हीकडे घट्ट धरून उभ्या राहिल्या. एक पाय अनवाणी, नखांवर पिवळ्या रंगाचे ठिपके. दुसऱ्या पायात परका बूट. पहिलं पाऊल अडखळलं. दुसरं वाकडं पडलं. मी जिवाच्या आकांताने म्हणत होते, पडू नको गं बाई, आज मी नाहीये जवळ! चौथं पाऊल पडलं. पाचवं पडलं. आणि सहाव्याला त्यांनी दांड्या सोडल्या. दोन्ही हात वर धरून त्या नुसत्या हातांकडे बघत राहिल्या, जणू चार वर्षांनी घरी आलेलं माणूस बघावं. फोनला पायच दिसत होते. हात फक्त मला आणि मिस्त्रींना दिसले. मिस्त्रींनी तोंड फिरवून डोळे पुसले.

इतक्यात मावशी कप घेऊन आल्या, त्यांनी फोनकडे पाहिलं आणि किंचाळल्या. भाषण सुरू झालं तेव्हा चाळीस माणसं बघत होती. आता अकरा हजार! गाडी बाजूला लावून बघणारा ड्रायव्हर, जहाजावरचा स्वयंपाकी, दुकान उघडं टाकून बसलेली शिंपीण. 'अजून एक पाऊल', 'सावकाश', 'शाब्बास'. आणि बदामांबरोबर मदतही धो धो येत होती. माझ्या एवढ्याशा खांद्यावरून, मित्रांनो! अकरा हजार माणसं श्वास रोखून एका बाईचे पाय बघत होती. आजही आठवलं की माझ्या लाकडावर काटा येतो.

मावशींनी आधी फोन बंद केला आणि त्या पेंटरीणबाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "माझी चूक झाली गं. न विचारता तुला जगापुढे दाखवलं. तू म्हणशील तर आत्ता पुसून टाकते."

"पुसायचं?" जावईबापू ओरडले. मिस्त्रींची नजर भट्टीकडे गेली.

पेंटरीणबाईंनी फोन हातात घेतला आणि सगळं पाहिलं, मोज्यांपासून. मोज्यांना हसल्याही. "माझा चेहरा कुठेच नाही?"

"कुठेच नाही."

त्यांनी पावलं पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाल्या, "राहू दे. पण खाली लिहा, ही बाई शिडीवर चढणार आहे. कीव नको, बोर्ड सांगा."

मावशींनी एका बोटाने तसंच्या तसं लिहिलं.

पंधरा दिवसांत भट्टी आली. फळीवरचे साचे एकेक करून उतरले, बाईंचाही उतरला. आणि त्यांनी रंगवलेला पहिला बोर्ड त्या शेडचाच. मिस्त्री खालून शिडी धरून उभे, आणि बाई वर, एका हातात डबा, एका हातात ब्रश. काम झाल्यावर त्या खाली उतरल्या, डबा उचलला, ब्रश घेतला आणि बोलत बोलत फाटकाबाहेर गेल्या. मी भिंतीला टेकून उभी होते. मिस्त्रींनी हाक मारायला तोंड उघडलं, "ताई, कुबडी..." आणि मिटून घेतलं. बाई कोपऱ्यावरून वळल्या. मागे पाहिलंसुद्धा नाही. मला त्या साफ विसरल्या होत्या.

आता मी कचेरीत असते, मावशींचा फोन धरते. लाइव्ह सुरू करण्याआधी मावशी प्रत्येकाला विचारतात, "दाखवू का? काय दाखवू?" मित्रांनो, तुम्हीही विचारत जा. फोनवर कुणाची अडचण दिसली तर बदाम टाकून पुढे पळू नका, जमेल तेवढा हात लावा. आणि तुमच्या माळ्यावर माझी एखादी बहीण धूळ खात पडली असेल, तर तिला खाली काढा, नवं बूच लावा आणि ज्याला हवी त्याला द्या. मग त्याच्यासाठी एवढंच मागा, की त्याने तिला लवकर कुठेतरी विसरून जावं.